पस्तीस मिनिटांतली एकतीस

४ सप्टेंबर, गुरुवार
एकतीस! पस्तीस मिनिटांच्या तासात मी एकटाच एकतीस मिनिटं बोललो. सिस्टर शेवटच्या बाकावर घड्याळ घेऊन बसतात — या ख्रिस्ती अध्यापक कॉलेजची रीतच ती. कागदावर दोन रकाने, एक शिक्षकाचा, एक मुलांचा. सरावाच्या शाळेतली सातवीची पोरं खदखदून हसत होती, मला वाटलं मैदान मारलं. तास संपल्यावर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ऐकून मीसुद्धा दोन कपाटं घेतली असती. मुलांनी काय घेतलं?"

जुनं फर्निचर सत्तावीस वर्षं विकलं. फुटपाथवरच्या चार खुर्च्यांपासून दुकान उभं केलं, ते या जिभेच्या जोरावर. आता दुकान मुलाच्या हवाली करून पन्नाशीत भाषेचा मास्तर व्हायला निघालो, तर जीभच आडवी येतेय!

५ सप्टेंबर, शुक्रवार
सतरा तारखेला शेवटचा परीक्षेचा पाठ. निम्म्याहून जास्त वेळ मीच बोललो, तर अख्खं वर्ष पुन्हा.

सकाळच्या प्रार्थनेत सगळे डोळे मिटून गप्प. शेजारची पोरगी — वर्गात सगळी तिशीच्या आतली, मला 'काका' म्हणतात — कुजबुजली, "काका, इथे सराव करून घ्या." आगाऊ! पण बोलली ते खरं.

१० सप्टेंबर, बुधवार
जेवताना बायकोला कॉलेजच्या गमती रंगवून सांगितल्या. "हं" म्हणाली आणि ताटं उचलली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
उद्या पाठ. डोकं निवावं म्हणून दुकानात डोकावलो. मुलगा एका बाईंना आरामखुर्ची दाखवत होता. त्या बसल्या तरी याच्या तोंडाचा पट्टा चालूच. बाई उठल्या, गेल्या.

त्याला बाजूला घेऊन झापलं — अरे, गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की आपण तोंड मिटायचं. पाठ टेकू दे, लाकडावरून हात फिरवू दे. पुढचं खुर्ची बघून घेते.

बोललो आणि स्वतःच चमकलो. हे मला येतं की!

१७ सप्टेंबर, बुधवार
धड्यातली गोष्ट म्हाताऱ्या पहारेकऱ्याची. मालक कायमचे निघून गेलेत, तरी हा रोज संध्याकाळी रिकाम्या घराला कुलूप लावतो. मी विचारलं — का? आणि खिशात हात घालून मनात आकडे मोजत उभा राहिलो. सात… आठ… पाठीवरून घाम ओघळतोय. अकराला पुढच्या बाकावरचा म्हणाला, "घरात कोणी नाही हे चोरांना कळू नये म्हणून."

'शाब्बास' ओठांवर आलं होतं, गिळलं.

खिडकीजवळची मुलगी, जिने महिनाभर चकार शब्द काढला नव्हता, खाली बघतच म्हणाली, "चोरांना नाही. त्याला स्वतःला कळू नये म्हणून."

मग जी जुंपली! अर्धा वर्ग चोरांच्या बाजूने, अर्धा तिच्या. मी फळ्याला टेकून ऐकत राहिलो. इतकं कान देऊन ऐकणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

माझ्या रकान्यात नऊ मिनिटं. पास! सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "आज कपाट त्यांनी घेतलं."

२१ सप्टेंबर, रविवार
जेवताना तीच युक्ती घरी करून पाहिली. बायकोला विचारलं, तुझं काय चाललंय? आणि मोजत बसलो. बाविसाव्या आकड्याला ती म्हणाली, "लग्नाआधी तुमच्या त्याच कॉलेजच्या प्रवेशयादीत माझं नाव लागलं होतं. पुढच्या वर्षीचा फॉर्म आणा — माझ्यासाठी."