साखरदाणीवरची खूण

प्रिय सिडोनीताई,

आधीच सांगतो, मी भ्यालोय. कुंचला धरला की रेघ वाकडी जाते. तू म्हणशील, बिअर कमी कर. ती कधीच सुटली गं. बाल्थाझारला साखरेच्या बेटावर, उसाच्या मळ्यात गुलामीला, परत धाडणार आहेत, आणि त्याला कारण मी आहे.

बाल्थाझार म्हणजे व्यापारी हिंटनरशेठचा हबशी नोकर. गुडघे टेकून साखरदाणी पुढे करणारा चिनी मातीचा हबशाचा पुतळा हवा, म्हणून शेठने त्याला महिनाभर आमच्या कारखान्यात नमुना म्हणून बसवलं होतं. उघड्या अंगाने बसून बसून पायांना मुंग्या यायच्या, तरी मलाच चिडवायचा, "ट्राउगोट, माझं नाक तुझ्या नाकाएवढं लांब करू नकोस हं!" दुपारचं वाटाण्याचं सूप आम्ही एकाच वाडग्यातून प्यायचो.

आता माझा गाढवपणा ऐक. प्रत्येक नगावर गिऱ्हाइकाची, म्हणजे या वेळी हिंटनरशेठची, खूण रंगवायची, ही इथली शिस्त. पेल्यांवर रंगवली, बशांवर रंगवली. पुतळ्यावर कुठे रंगवू? बाल्थाझारच्या खांद्यावर नेमकी तीच खूण होती, जहाजावर चढवताना तापल्या लोखंडाने डागलेली. मी तिथेच काढली. मुकादमाने वर पाठ थोपटली, "जागा बरी शोधलीस!" बशीवरची आणि माणसावरची खूण मला एकच वाटली, ताई. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

शेठकडच्या रविवारच्या मेजवानीत पाद्र्याच्या बायकोने साखर घेताना पुतळ्याच्या खांद्यावरची खूण पाहून विचारलं, हे असं खरंच असतं का? बाल्थाझारने सदरा उतरवला. मग कुणाला कॉफी जाईना. शेठने हसून वेळ मारून नेली आणि सोमवारी त्याचं जहाज ठरवून टाकलं. त्या बेटावर उसाच्या चरकात त्याचा भाऊ गेला. हाही वर्षभर टिकायचा नाही.

मला इथून हलता येत नाही. रंगांचं गुपित जाणणाऱ्याने वेस ओलांडली की किल्ल्यातली कोठडी, तशी शपथच घेतलीय आम्ही. पण चिनी माती आणणाऱ्या गाड्या रिकाम्या होऊन सकाळी तुमच्या डोंगराकडे परततात. जाताना त्या कुणी तपासत नाही. निदान आजवर तरी तपासलेल्या नाहीत. आणि तुझ्या दारापासून सरहद्द दोन कोसांवर, पलीकडे शेठचं काही चालत नाही.

म्हणून हे पत्र टपालात टाकलं नाही. ज्याने ते तुझ्या हातात दिलं, तोच बाल्थाझार. वाचत उभी राहू नकोस, त्याला आत घे आणि दाराला कडी लाव.

तुझाच भेदरलेला भाऊ,
ट्राउगोट