मी स्वतःच्या हातांनी बसवलेला टायमिंग बेल्ट

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात अजून काळेच आहेत. साबण, रॉकेल, भांड्यांची पावडर, सगळं करून झालं. कागदाच्या उजव्या कडेला जो अंगठा उमटलाय तो माझाच, त्यावरून पत्र खरं असल्याची खात्री पटवून घ्यावी.) वहिनींची कंबर आता कशी आहे? तुमची साखर ताब्यात आहे ना? की वहिनींची पाठ वळली की अजून फ्रिजचं दार उघडता? आम्ही दोघं ठीक आहोत. माझी डावी बाजू जरा दुखते, तिची हकीगत पुढे येईल. तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्राचा हा उपद्व्याप कशाला? तर फोनवर आपल्या दोघांत बोलायचं काम तुम्ही एकटेच करता, आणि मला यावेळी शेवटपर्यंत सांगायचं आहे.

मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही चष्मा शोधायला उठलात तरी काही बिघडणार नाही. बाबांची गाडी चालू झाली! आमच्या इमारतीच्या शेडमधून निघाली, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आली, आणि एक थेंब पाणी सांडलं नाही. तेव्हा भंगारवाल्याला तेवढं नको म्हणून कळवा. गेल्या महिन्यात तुमच्याकडे जेवताना सगळ्यांदेखत काय म्हणाला होतात ते आठवतंय ना? गाडी चोवीस वर्षांची झाली, पट्टा कधीही तुटेल, पंप गळतोय, ती महिनाअखेरीला तोडायला द्यायची. मग माझ्याकडे वळून म्हणालात, जावईबापू, गॅरेजची पायरी न चढता, स्वतःच्या हातांनी ही गाडी चालू करून दाखवलीत तर कागद तुमच्या नावावर करून देतो. सगळे केवढे हसले! मीही हसलो, कारण ज्या माणसाला ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते त्याने दुसरं काय करायचं? ही मात्र हसली नाही. ताटात निम्मं तसंच टाकून उठली. दादा, बाबा गेल्यानंतर तिच्या वाट्याला त्यांचं असं काही आलंच नव्हतं, आणि आता ती गाडीही जाणार म्हटल्यावर तिला फार लागलं होतं.

तर मी कामाला हात घातला. (हिने तारीख ठरवली, सामानाची यादी केली आणि दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून चार दिवस रजा काढली. पण निर्धार माझा.) मी ग्रंथालयातला माणूस, म्हणून आधी गाडीचं माहितीपुस्तक मिळवून वाचलं. त्यावरून जे कळलं ते असं, की इंजिनात वर झडपा असतात आणि खाली दट्टे म्हणजे पिस्टन, आणि दोघांना एकाच जागेत आपापल्या वेळी ये-जा करायची असते. तुमच्या दोन्ही आत्यांचं एका स्वयंपाकघरात जसं चालायचं, तसंच. एक आत असली की दुसरीने बाहेर थांबायचं. ही वेळ सांभाळणारा रबरी, दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो तुटला की दोघी समोरासमोर येतात, आणि मग काय होतं ते तुम्ही लहानपणी पाहिलंच आहे. मला वाटलं, पट्टा तर पट्टा, काढला आणि घातला. पण हिचं म्हणणं पडलं की एवढं उघडणारच आहोत तर पाण्याचा पंप, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, बाजूची पुली आणि तेलाची सीलं, सगळं नवं घालायचं, नाहीतर उद्या पंप गेला की हाच खटाटोप पुन्हा. (याच तत्त्वावर आमच्या घरी नळाचा वायसर बदलायला काढला होता आणि शेवटी सगळी फरशी नवी बसली.) पंप निघाला तेव्हा त्याच्या कडेला गळून वाळलेल्या पाण्याचा गुलाबी थर होता, म्हणून मी वाद वाढवला नाही.

पहिला दिवस एका बोल्टने खाल्ला. खालच्या मोठ्या पुलीच्या मधोमध तो बसलेला असतो, आणि ज्याने कुणी तो आवळला होता त्याला पुढच्या पिढीची पर्वा नव्हती. पान्याला जोर लावला, तेल सोडलं, वाट पाहिली, रागावून पाहिलं, काही नाही. मग पान्याला पडद्याचा लोखंडी पाइप जोडला आणि त्या पाइपाला मी लोंबकळलो. अक्षरशः लोंबकळलो, दादा, दोन्ही पाय जमिनीपासून वर! डॉक्टर दहा वर्षं मला वजन कमी करा म्हणताहेत, तेच वजन त्या दिवशी कामी आलं. कट्टकन आवाज झाला, बोल्ट सुटला आणि मी डाव्या बाजूवर आपटलो. ही धावत आली आणि आधी बोल्ट शाबूत आहे का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या शिस्तीचा प्रश्न आला. पट्ट्यावरची झाकणं काढताना हिने बोल्ट बुटांच्या खोक्याच्या झाकणात कसेही टोचून ठेवले होते, एक वर, दोन खाली, काही तिरके. मला हा गलथानपणा बघवेना. ही तेलाचं सील बदलून आणायला दुकानात गेली तेवढ्यात मी सगळे उपटले, पुसले, लांबीप्रमाणे लावले, गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत भरले आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या : लहान, मध्यम, दीर्घ. एवढं सुबक काम माझ्या हातून ग्रंथालयातही झालं नसेल. ही आली, तिने डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पालथ्या बादलीवर बसून राहिली. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या खोक्यावर झाकणाची आकृती काढलेली होती आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच टोचलेला होता. मग प्रत्येक बोल्ट प्रत्येक भोकात घालून पाहायचा, असा आमचा निम्मा दिवस गेला. एक शेवटी उरलाच. तो कुठला, यावर बरंच डोकं चालवलं. मी बसलो होतो त्या घडीच्या खुर्चीचा निघाला, हे खुर्चीनेच कळवलं.

आमच्या खाली दातांचे डॉक्टर आहेत, त्यांचंही या कामात मोठं सहकार्य झालं. खालच्या पुलीवरची खूण इंजिन आणि पत्र्याच्या मधल्या चार बोटांच्या फटीत असते, ती काही केल्या दिसेना. ही खाली गेली आणि डॉक्टरांचा दाढा बघायचा छोटा आरसा मागून घेऊन आली. पाठोपाठ डॉक्टरही आले, आणि त्यांच्या पाठोपाठ गालात कापूस घेतलेला एक पेशंट. डॉक्टरांनी जुना पट्टा वाकवून पाहिला, भेगा पाहिल्या, दोन ठिकाणी दात पार झिजलेले दाखवले आणि हे आधीच आणायला हवं होतं असं आम्हाला सवयीने सुनावलं. पेशंटला बोलता येत नव्हतं, पण त्याने मान हलवली. पंधरा दिवसही टिकला नसता म्हणे.

आता तुमचा भाग. रागावू नका. नवा पट्टा चढवायच्या आधी वरच्या चाकाची खूण जुळवायची होती. त्या चाकावर दोन खुणा आहेत, एक ठिपका आणि एक बाण. हिचं म्हणणं ठिपका. पण मी म्हटलं, बाबांसारख्या गॅरेजवाल्याचा मुलगा फोनच्या पलीकडे असताना आपण अंदाजाने का चालायचं? फोन लावला. तुम्ही प्रश्न पुरता ऐकून न घेता म्हणालात, बाण, बाणच, शंभर टक्के बाण, डोळे मिटून जुळवा. मोठ्या माणसाचा शब्द, मी बाण जुळवला. हिने पाना पुसून माझ्या हातात दिला. पुस्तकात लिहिलंय की पट्टा चढवल्यावर किल्ली न लावता पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहायचं. मी फिरवायला लागलो. पाऊण फेरा लोण्यासारखा गेला आणि एकदम अडलं. तुम्ही फोनवरून ओरडलात, नवं आहे ना सगळं, जोर लावा! मी पाइपाकडे हात नेला, आणि ही इतक्या शांतपणे म्हणाली, हात काढा, की माझा हात आपोआप निघाला. आणखी थोडा जोर लावला असता तर झडपा वाकल्या असत्या, आणि भंगारवाल्याला बोलवायचीही गरज उरली नसती, मीच गाडी ढकलत नेऊन दिली असती. मग पट्टा उतरवून ठिपका जुळवला. दोन फेरे सुरळीत गेले. सगळ्या खुणा आपापल्या जागी आल्या. (त्या वेळी तुमचा फोन आपोआप कटला नव्हता. तो हिने बंद केला होता.)

चौथ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली. पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा चालू झाली. आवाज असा की शेडमध्ये गाडी चालू आहे हे बोनेटवर हात ठेवल्यावर कळावं. तर दादा, अट पुरी झाली. गॅरेजची पायरी चढलो नाही, आणि काम स्वतःच्या हातांनी केलं. लोभ आहेच, तो वाढला नाही तरी चालेल, पण भंगारवाल्याला आजच फोन करा.

तुमचा,
काळ्या हातांचा जावईबापू

ता. क. : वरचं पत्र हिला वाचून दाखवलं. ठीक आहे म्हणाली आणि कामावर गेली. आता घरात मी एकटा आहे म्हणून खरं लिहितो. हे पत्र मी हिच्या सांगण्यावरून लिहिलं. ती म्हणाली, तुम्हीच केलंत असं कळवा, अट तुमच्या नावाची आहे आणि मी केलं म्हटलं तर दादा हसण्यावारी नेईल, मला नाव नको, गाडी वाचली म्हणजे झालं. मी लिहून तर दिलं, पण लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. खरं एवढंच, की पाइपाला मी लोंबकळलो. बाकी चारही दिवस गाडीखाली ती होती. जॅक तिने लावला, पंप तिने बसवला, पट्टा तिने ताणला. मी बोल्टांच्या डब्या केल्या आणि पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं, तेही तिसऱ्या दिवशी तिने बंद करायला सांगितलं.

ता. क. दुसरा : आता विनंती. गाडीचे कागद माझ्या नावावर करू नका, तिच्या नावावर करा. गॅरेजात बाबांनी तुम्हाला हाताशी धरून शिकवलं, ही शाळा सुटल्यावर कोपऱ्यातल्या टायरवर बसून गृहपाठ करायची. तिला कुणी काही शिकवलं नाही. पण असा ठिपकाच जुळवायचा हे तिला तिथल्या गाड्या बघूनच ठाऊक होतं, बत्तीस वर्षं झाली तरी. मी विचारलं, मग बाणाच्या वेळी बोलली का नाहीस? तर म्हणाली, दादापुढे बोलायची सवय नाही. दादा, मला फोन करून शाबासकी देऊ नका. तिला फोन करा आणि निदान दोन मिनिटं तिला बोलू द्या.

ता. क. तिसरा : दादा, कामावरून आले तर पाकीट उघडंच टेबलावर ठेवून हे आंघोळीला गेलेत, म्हणून सगळं वाचलं. यांना एक काम नीट सांगता येत नाही. पाइपाला लोंबकळले हे मात्र खरं आहे, त्यांच्याशिवाय तो बोल्ट माझ्याच्याने सुटला नसता, आणि चारही दिवस चहा त्यांनीच केला, हे लिहायला विसरलेत. वहिनीला सांग, रविवारी आम्ही जेवायला येतोय. गाडी मीच चालवणार आहे. आणि भंगारवाल्याला तू फोन करायची गरज नाही. काल त्याचाच आला होता, मालक आहेत का म्हणून विचारत होता. मालकीण बोलतेय म्हटलं, गाडी द्यायची नाही. तुझी सही तेवढी राहिली आहे, पेन शोधून ठेव.