विजयश्रीताईंची गाठ

१८ ऑगस्ट
दोन चित्रं जुळत नाहीत. सकाळपासून तेच चाललंय. एमआरआयमध्ये विजयश्रीताईंच्या छातीतली गाठ केमोच्या दोन डोसांनंतरही तेवढीच. आमचं नवं, अजून चाचणीत असलेलं लाल प्रकाशाचं यंत्र म्हणतं, गाठीतलं रक्त निम्म्यावर आलं. गाठ आतून मरत असेल तर असंच दिसेल. प्रकाश नेणाऱ्या तारा कातडीला नीट टेकल्या नसतील, तरीही असंच दिसेल.

१९ ऑगस्ट
तारा तपासल्या. चाचणीसाठी बनवलेल्या नकली गाठीवर आकडे बरोबर येतात. अभ्यासाच्या प्रमुख डॉ. तेजस्विनी मॅडमना चित्र दाखवलं. म्हणाल्या, "मंतशा, तुझा प्रकाश खरा की खोटा, हे शोधायलाच हा अभ्यास आहे. पेशंटला यातलं काही सांगायचं नाही."
बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच जास्त थकायला होतं.

२१ ऑगस्ट
विजयश्रीताई डोसाला आल्या नाहीत. फोन बंद.

२३ ऑगस्ट
मॅडमना विचारून चाकणला ताईंच्या घरी गेले. एका खोलीचं घर. ताई भिंतीला टेकून, डोक्याला ओढणी बांधलेली. नवनाथभाऊ, त्यांचे मिस्टर, शिफ्टवरून नुकतेच आलेले – चहा त्यांनीच टाकला.
ताई म्हणाल्या, "मोठ्या मशीनमधी गाठ हाय तेवढीच हाय. मग कशापायी अंगाचे हाल? धाराशिवला जाते. पोरी आईकडं हायेत, त्यांच्याजवळ राहते."
प्रकाशाचं जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "गाठ तेवढीच दिसली म्हणजे औषध लागूच पडलं नाही, असं नसतं. मॅडमनाही वाटतं, तुम्ही डोस घ्यावेत."
"तुमच्या लाल लाइटला काय दिसलं का?"
"ते मला सांगता येत नाही, ताई."
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."
नाशिक फाट्यापर्यंत ट्रॅफिक. घरी पिंपळे गुरवला पोचले तर अम्मीने ताट झाकून ठेवलेलं. जेवले नाही.

२५ ऑगस्ट
आल्या! नवनाथभाऊंनी गाडीवरून आणलं. सलाईन लावताना हळूच म्हणाल्या, "तुमचं तोंड बघून आले."
माझ्या तोंडावर काय होतं? आणि प्रकाश चुकला असेल तर? अजून दोन महिने उलट्या, हाडं दुखणं – सगळं माझ्या तोंडाच्या भरवशावर.

३१ ऑक्टोबर
डोस संपले. प्रकाशात गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली. एमआरआयमध्ये जेमतेम लहान. ताईंचा चेहरा पार उतरलाय. मशीनमध्ये निमूट पालथ्या झोपतात, काही विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. गाठ तपासायला गेली. आता खरं-खोटं कळेल. मला काही करवत नाही. नुसती बसून होते.

४ डिसेंबर
रिपोर्ट आला. काढलेली गाठ म्हणजे नुसता वण – आत कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. मॅडम म्हणाल्या, "फोन तूच कर."
केला. सांगितलं. पलीकडून ताईंचा आवाज – "परत एकदा सांगा. स्पीकरवर टाकते, ह्यांना ऐकू द्या."