वासरू नेलं तो गुन्हा मोठा

प्रिय आईस,

प्रभूच्या कृपेने आपल्या व्हर्लीनचा ओठ भरून येतोय, मक्याची पेज घेते. तुझे गुडघे कसे आहेत?

टेक्सासचा कायदा ऐकून माझं डोकं फिरलंय. नवऱ्याने व्हर्लीनचं तोंड फोडलं, तो किरकोळ गुन्हा. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं वासरू आपल्या रॉयसने तिला माझ्या घरी आणून दिलं, तो मोठा गुन्हा, कारण कळप नवऱ्याच्या नावावर!

वकिलाला म्हटलं, “माझ्या बहिणीपेक्षा वासरू मोलाचं का हो?”

“बाई, हा गुरांचा मुलुख आहे.”

कबुली दिली तर रॉयसला तुरुंग नाही, पण जन्माचा गुन्हेगाराचा शिक्का. तो कबुलीवर सहीला तयार. म्हणतो, “ताई, कोर्टाच्या खेपांचं तुझं बसभाडं वाचेल.” मेल्याला आत्ताच माझी काटकसर आठवली!

आजच त्याला लिही, सही करू नकोस म्हणावं. तुझंच ऐकतो. रागाने माझ्याच्याने प्रार्थना होत नाही, माझ्या वाटची तू कर.

तुझी,
ओपल