हुल्डाला बीट आवडत नसे

मंगळवार, २० फेब्रुवारी

आजच्या चीज सँडविचची खरी किंमत — पाटीवर साडेनऊ डॉलर. वर दोन डॉलर टिप, कारण ताटली घेऊन आली ती माझीच पोर. आम्लपित्ताच्या तीन गोळ्या. घरी बायकोने, आर्डिसने, "कसं होतं?" म्हणून विचारल्यावर मारलेली एक थाप. आणि दुपारची झोप. ती गेली ती गेलीच.

चीज सँडविच म्हणजे काय मोठं? दोन पाव, मधे चीज, तव्यावर लोण्यात भाजायचं. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये पोराला बुटाची नाडी बांधता येण्याआधी हे येतं. पण आमच्या जावयाच्या दुकानात? निळी बुरशी धरलेलं चीज, अंजिराचा मुरंबा, नासपतीच्या चकत्या आणि वर एक झुडूप! मी झुडूप काढून बाजूला ठेवलं.

"पॉप, ते खायचं असतं," डॉम म्हणाला. त्याच्या न्यू जर्सीकडे सासऱ्याला पॉप म्हणतात.

खाल्लं.

मग तवा सोडून, हात पुसत जवळ आला. "बोला. कसं झालंय?"

"वेगळं आहे!" मी म्हणालो.

गडी असा फुलला म्हणता! तिथूनच कारीला ओरडून सांगितलं — "तुझे डॅड म्हणतात, वेगळं आहे!" कारी आमची मुलगी, इथलीच वाढलेली. तिने मान वर केली नाही.

आता या माणसाला कसं सांगावं? अर्विडने गॅरेज जांभळं रंगवलं तेव्हा गाव म्हणालं, वेगळं आहे. पास्टरबाईंनी अंत्यविधीत विनोद सांगितला तेव्हा गाव म्हणालं, वेगळं आहे. याहून कडक शब्द आमच्याकडे नाही. माझ्या आजोबांचा गोठा जळून खाक झाला तेव्हा शेजारी येऊन म्हणाला होता, "चला, आता इथून तळं छान दिसेल." डॉमच्या गावी पदार्थ बिघडला तर गिऱ्हाईक ताटली ढकलून आईवरून बोलतं. इथे कोणी आईवरून बोलत नाही, म्हणजे सगळं उत्तम — हा त्याचा हिशोब.

सांगायला हवं. आणि सांगू शकेन तर मीच. अडतीस वर्षं परक्या स्वयंपाकघरांत उभं राहून मी लोकांना तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो," — आणि लगेच पाण्यातले क्षार काढून ते मऊ करायचं यंत्र विकलं. खिशात दमडी नव्हती तिथून तीन गावांत दुकानं केली, ती या जिभेवर. आणि कानांवर! भिंतीआड नळी कुठे ठिबकते ते मी कॉफी पिता पिता सांगतो. अख्ख्या गावात तोंडावर बोलणारा माणूस एकच.

उद्या सांगतो.

बुधवार, २१ फेब्रुवारी

ईस्टरआधीच्या उपासकाळातलं दर बुधवारचं सूप, चर्चच्या तळघरात. जो तो मला पाहून डॉमच्या दुकानाचा विषय काढत होता आणि काढून लगेच हवामानावर जात होता. "एकदा जाऊन आलो हं आम्ही! किती मनमिळाऊ मुलगा!" सँडविच? "हो हो, सँडविचही होतं." ऑर्गन वाजवणाऱ्या मेव्हिसबाई बराच विचार करून म्हणाल्या, "भरपूर होतं."

अर्विड माझा शाळेपासूनचा दोस्त, पस्तीस वर्षं गावात टपाल वाटलं. त्याने मला कॉफीच्या पिंपामागे ओढलं.

"व्हर्लिन, तुझ्या जावयाला साधं सँडविच येतच नाही का रे?"

"येत असेल."

"मग कोणी सांगत का नाही त्याला?"

"तू सांग."

"मी कसा सांगू? मला तिथे परत जायचंय!"

"कधी?"

"...जाईन की. उन्हाळ्यात."

मी तिथेच जाहीर केलं — मी सांगतो. अर्विडने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नदीवरच्या पातळ बर्फावर ट्रक घालणार आहे.

परतताना गाडीत आर्डिस म्हणाली, "सांगणार असलास तर लवकर सांग. कारी म्हणते, मेपर्यंत बघू. नाही चाललं तर परत न्यू जर्सीला. डॉमच्या मामाचा फरश्यांचा धंदा आहे."

एवढंच बोलली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसती शेतं. नऊ वर्षं पोरगी फक्त रविवारी फोनमध्ये असायची. जानेवारीपासून मागच्या दारातून न विचारता आत येते, फ्रिज उघडते आणि त्याच्यापुढे उभ्यानेच खाते. मी तसं केलं तर आर्डिस चमचा फेकून मारेल.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

गर्दी म्हणजे मी आणि पाव पोचवणारा.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

एकदम तोंडावर बोलू नये, आधी जमीन तयार करावी. म्हणून आज डॉमला माझ्या आईची गोष्ट सांगितली. थंडीत गोठ्यातून आम्ही पोरं गारठून यायचो. आई बिडाच्या तव्यावर सँडविच टाकायची — पांढरा पाव, लोणी, पिवळं चीज. बस्स! सोबत वाटीभर टोमॅटो सूप. मी 'बस्स' तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा टेबलावर बोटही आपटलं.

डॉमच्या डोळ्यांत पाणी! "काय नाव होतं त्यांचं, पॉप?"

"हुल्डा."

"हुल्डा..." म्हणत तवा घासायला गेला. मुद्दा पोचला. कसलेला विक्रेता कधी ओरडत नाही.

गुरुवार, १ मार्च

पाटीवर नवं सँडविच. नाव — हुल्डा!!

भाजलेलं बीट, शेळीच्या दुधाचं चीज, मध, आक्रोड. माझी आई काळी मिरीसुद्धा डोळे मिटून टाकायची. आणि बीट! बीट तिच्या घरात फक्त गाईंनी खाल्लं.

पहिलं मला, फुकट. समोर उभा राहून पाहत होता. "आईची आठवण येते, पॉप?"

"फार," मी म्हणालो. खरंच येत होती.

मंगळवार, ६ मार्च

आज दुकानात मी एकटा. गाडी मागे लावली तर मागचं दार सताड उघडं आणि दारात कारी — बाहेर गुडघाभर बर्फ आणि ही कोटाशिवाय! चेहरा पिठासारखा पांढरा.

"काय झालं ग?"

"काही नाही डॅड. आत धूर फार होतो."

धूर! मी आत जाऊन बघितलं, धूर कसला. पोरगी लाजते आहे. नवरा असलं काही शिजवतो आणि गाव मान डोलावतं, हे तिला समजतं. ती इथलीच ना! बापाला माणूस वाचता येतो. आता तर तव्याजवळ फिरकतही नाही, दाराजवळच्या गल्ल्यावर बसून राहते.

मी हुल्डा मागवलं. (दुसरं काय मागवणार?) चावत असताना आतून डॉमचा आवाज. आईशी फोनवर बोलत होता, न्यू जर्सीच्या पद्धतीने, म्हणजे मधे फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं —

"नाही ग मा, इथली माणसं म्हणजे देवमाणसं! सगळ्यांना आवडतं. एक माणूस नाव ठेवत नाही. फक्त... परत येत नाहीत."

मग म्हणाला, "मामाला सांग, अजून नाही. पण जागा ठेव म्हणावं."

मी बीटसकट सगळं संपवलं, पावाच्या कडाही. दुसरं काय करता येत होतं?

भीड ही भिकेची बहीण. आणि इथे अख्खं गाव भिडेपोटी माझ्या पोरीला भिकेला लावतंय. त्यात मीही आलोच.

बुधवार, १४ मार्च

बोललो!!!

सविस्तर लिहून ठेवतो. तीन वाजता गेलो, दुकान रिकामं. आधी बर्फाबद्दल बोललो. मग ट्रकच्या टायरांबद्दल. मग कोणाचा कूपनलिकेचा पंप बसला त्याबद्दल. डॉम ऐकत होता, काउंटर पुसत होता. मग मी मांड्यांवर हात आपटून "चला, निघायला हवं," म्हणालो आणि उठलो. आमच्याकडे खरं बोलणं बसून होत नाही. ते दारात होतं, कोट घालून झाल्यावर, टोपी हातात असताना. डॉमला ते माहीत नाही. "बाय, पॉप!" म्हणून तो आत चालला!

"डॉम," मी म्हणालो.

थांबला.

माझ्या कोटाची चेन अडकली होती. ती मी वर केली, खाली केली. आयुष्यात चार हजार यंत्रं विकली, एवढी धडधड कधी झाली नाही. मग एका दमात बोलून टाकलं —

"हुल्डा चांगली बाई होती. पण तिला बीट आवडत नसे."

झालं! इतकं उघडं, इतकं नागडं मी कोणाशी बोललो नव्हतो. डॉम माझ्याकडे बघत राहिला. गल्ल्यावर कारीनेही मान वर केली. मग तो आला, दोन्ही हातांनी माझे खांदे धरले आणि म्हणाला, "ठीक आहे, पॉप." न भांडता! न्यू जर्सीचा माणूस!

घरी येऊन आर्डिसला सांगितलं. तिने विचारलं, "एवढंच बोललास?" एवढंच म्हणे! दुसऱ्या कोणाला ते तरी जमलं असतं का?

गुरुवार, १५ मार्च

पाटी बदलली!

साधं. टोमॅटो घातलेलं. कांदा घातलेलं. सोबत टोमॅटो सूप. बस्स. अंजीर नाही, निळं चीज नाही, शेळी नाही, झुडूप नाही. हुल्डाला सन्मानाने निवृत्ती.

एक वाक्य! एका वाक्यात!

शनिवार, १७ मार्च

काल शुक्रवार, त्यात ईस्टरआधीच्या उपासकाळातला. कॅथलिकांना मांस वर्ज्य. रांग दारापर्यंत. आज आमच्या पंथाचे, ल्यूथरन. अर्विड दोनदा येऊन गेला. उन्हाळा लवकर आला म्हणायचा.

"काय सांगितलंस रे त्याला?" त्याने विचारलं.

"जे होतं ते. तोंडावर."

"अरे बापरे. तोंडावर?"

"आडपडदा न ठेवता."

अर्विडने टोपी काढली. थट्टेने नव्हे.

बुधवार, २१ मार्च

तळघरात सूप घेताना आज माझ्यापुढे रांग! एकाला शेजाऱ्याला सांगायचंय की तुझा कुत्रा भुंकतो. एकीला सुनेला सांगायचंय की पोराचं नाव बरं नाही. आणि खुद्द पास्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "व्हर्लिन, मेव्हिस ऑर्गन जरा... सावकाश वाजवतात. उभ्याने म्हणायची तीन कडवी होईपर्यंत म्हातारी माणसं खाली बसतात. तुम्हाला हे जमतं असं ऐकलं."

मी म्हणालो, बघतो. ईस्टरनंतर. एकेक करून घेऊ. आर्डिस सूपमध्ये बघून हसत होती. गावातल्या एकुलत्या एका धीट माणसाची बायको होणं तिला नवीन आहे, सवय होईल.

शनिवार, २४ मार्च

आज गर्दी ओसरल्यावर गेलो आणि साधं मागवलं.

काय लिहू! पाव कडेला कुरकुरीत, मधे मऊ. लोणी करपलं नाही, पण करपण्याच्या उंबऱ्यावर जाऊन आलेलं. तोडलं तर चीज ताटलीपासून हनुवटीपर्यंत आलं आणि तुटेना. एक टोक सुपात बुडवलं. डोळे मिटले. मांजर, ओले बूट, शेगडी, सगळं आलं समोर. या माणसाला हे येत होतं! मग अंजिराच्या मागे कशाला लागला होता?

डोळे उघडले तर डॉम समोर. "कसं झालंय?"

तोंड भरलेलं होतं. मी नुसता अंगठा वर केला.

कारी शेजारी येऊन बसली. तिने दोन खाल्ली आणि माझ्या ताटलीतला कोपराही उचलला. गालांवर रंग आलाय. म्हणाली, "डॅड, दुकानाचा करार वाढवला. तीन वर्षं. उद्या जेवायला येतोय, आईला सांगायला नको, तिला माहीतय."

तीन वर्षं! मी बाहेर येऊन गाडीत जरा बसून राहिलो. थोडासा गर्व वाटला तर तो माणसाला असावा. पोरगी राहिली, ती बापाच्या एका वाक्यामुळे.

रविवार, २५ मार्च

कारीला तिसरा महिना आहे. सप्टेंबरात बाळ. आर्डिसला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. निळं चीज, शेळीचं चीज आणि भाजलं जाणारं अंजीर यांच्या वासाने पोरीला उलट्या होत होत्या, म्हणून डॉमने ते सगळं मागवणं बंद केलं — सोमवारी, १२ तारखेला. मी बोललो बुधवारी, १४ तारखेला.