शेठच्या पडद्यावर हंसाबेन

पूनम सागर, मिरा रोड
मंगळवार, १० फेब्रुवारी २००४

ती. सुलूआत्या हिस,

रसिकाचा साष्टांग नमस्कार. (रविवारचा अख्खा दिवस मी ऑफिसात टेबलांखाली वायरी शोधत पालथी पडून होते, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदावरचा नाही.) तुझा गुडघा काय म्हणतोय? आतोबांचा खोकला थांबला का, की अजून सिरपची बाटली बघूनच बरं वाटतंय त्यांना? आम्ही सगळे मजेत. मी तर इतकी मजेत आहे की काल सकाळी माझी नोकरी गेली होती आणि संध्याकाळी परत आली. आज अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तेच सांगायला बसलेय, चहा घेऊन बस.

तुला माहीतच आहे, आमची भाईंदरची स्टीलच्या भांड्यांची कंपनी. वरच्या मजल्यावर ऑफिस, अकरा कंप्युटर, आणि त्या अकरांची काळजी वाहणारी मी. (कोर्स मी सहा महिन्यांचा केलाय, पण शेठना वाटतं सहा वर्षांचा. मी कधी खोडून काढलं नाही.) आता प्रत्येकाच्या फायली, पडद्यावरचं चित्र, सुरू करताना वाजणारं गाणं, हे सगळं कोपऱ्यातल्या सर्व्हर नावाच्या मोठ्या मशीनमध्ये ज्याच्या त्याच्या कप्प्यात असतं. त्या कप्प्याला म्हणतात प्रोफाइल. माणूस कुठल्याही खुर्चीत बसो, नाव आणि पासवर्ड टाकला की त्याचा सगळा संसार त्याच्यामागे चालत येतो. (सासरी जाणाऱ्या मुलींसाठी ही सोय अजून कुणी काढलेली नाही.) शेठनी फर्मान काढलं, जुनी विंडोज काढा, नवी घाला, सोमवारी सकाळी सगळं चालू पाहिजे. म्हणून रविवारी मी एकटीने अकरा मशीन धुऊन पुसून नवी केली आणि वहीत बघून कोणाचा कप्पा कोणता ते सर्व्हरला सांगितलं. डाव्या बाजूला नावं, उजव्या बाजूला कप्पे. उजव्या बाजूला मी एक ओळ खाली सरकले. एकच ओळ, आत्या.

सोमवारी साडेनऊला हंसाबेननी आपलं नाव टाकलं. हंसाबेन ऑर्डरी बघतात, चौदा वर्षं त्याच खुर्चीत, कट्टर जैन, बटाटासुद्धा खात नाहीत. त्यांच्या पडद्यावर उघडला काशीनाथकाकांचा कप्पा, म्हणजे मुर्ध्याच्या खाडीत धरलेला चार हात लांब जिताडा मासा, तोंड उघडं, आणि त्याला छातीशी धरून हसणारे काका. हंसाबेननी रुमालाने डोळे झाकले आणि मला हाक मारली. तेवढ्यात गाड्या सोडणाऱ्या काशीनाथकाकांच्या टेबलावरून चर्चमधलं समूहगान सुरू झालं, कारण त्यांना मिळाल्या होत्या उत्तनच्या टेरेझामॅडम, ज्या परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहितात आणि कॉयरमध्ये गातात. काका स्पीकरवर हात दाबून ओरडत होते, "ए पोरी, ह्यात माजं काय बी न्हाय! माज्या गाड्यांचे टायम कुटं हायत? ही बाई गप कशी करायची?" "बाई नाही हो, आमचे फादर आहेत ते," टेरेझामॅडम दुखावून म्हणाल्या. कप्प्यांची कुलपं म्हणशील तर रविवारी घाईघाईत मीच सगळी काढून ठेवली होती. म्हणजे अकरा माणसं अकरा परक्या घरांत शिरली होती आणि एकालाही घर सोडवत नव्हतं.

शेठ केबिनच्या दारात आले आणि नेहमीच्या, खालच्या गाळ्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "रसिका! शाम तक ठीक नहीं हुआ, तो कल से मत आना!" आणि दार आपटून आत गेले. मी वही घेऊन सर्व्हरपाशी बसले आणि माझा स्वतःचाच पासवर्ड तीनदा चुकला.

आता यादीत शेठच्या खालचं नाव हंसाबेनचं. म्हणजे शेठच्या पडद्यावर कोण, ते तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. मला काचेतून दिसत होतं ते एवढंच, की शेठ तासभर जागचे हलले नाहीत, फोन वाजला तर उचलला नाही, चहा आला तर प्याले नाहीत. मला वाटलं, माझ्या जागी कोणाला घ्यायचं ते ठरवतायत.

मग ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता हंसाबेनच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. हंसाबेन उठायला लागल्या.

"बेसो, बेसो," शेठ इतकं हळू म्हणाले की काशीनाथकाकांनी ते गाणं स्वतःहून बंद केलं (वायर उपटून). "हंसाबेन, तमे क्यांय जता तो नथी ने?"

तुम्ही कुठे जात तर नाही ना, असं विचारत होते. झालं असं होतं, की हंसाबेनच्या कप्प्यात राजीनामा होता. एक नव्हे, सात. पहिला चार वर्षांपूर्वीचा, सातवा गेल्या शुक्रवारचा. सगळ्यांत मजकूर तोच: काम आवडतं, माणसं आवडतात, पण शेठ एकदाही माझं नाव ओरडल्याशिवाय घेत नाहीत, आणि आता घरी कोणी हाक मारली तरी मी दचकते.

हंसाबेननी पदर सावरला. मग म्हणाल्या, "शेठ, सात बार लिखा. एक बार भी देने की हिम्मत नहीं हुई. आप चिल्लाते ना!"

कोण आधी हसलं ते मला आठवत नाही. बहुतेक टेरेझामॅडम. शेठ हसले नाहीत. ते म्हणाले की त्यांचे वडील मशीनच्या आवाजात बोलायचे, तीच सवय लागली, इथे वर मशीन नाही हे लक्षातच आलं नाही. आणि खुर्ची ओढून हंसाबेनसमोर बसले. पाचपर्यंत मी अकराच्या अकरा कप्पे जागेवर लावले. शेठनी मला बोलावून, प्रत्येक शब्दाला थांबत, कुजबुजत सांगितलं, "कल आना." हंसाबेननी सहा राजीनामे माझ्यासमोर पुसले. सातवा मी पुसू का विचारलं, तर म्हणाल्या, "एक रहने दे."

मी स्टेशनपर्यंत हसत गेले, मग स्टॉलवर उभं राहून थोडी रडले, मग दोन वडापाव खाल्ले.

तुझी,
रसिका

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. येत्या रविवारी तू दाखवायला आणणार आहेस तो मुलगा नको आणूस. आईला सांगायचं धाडस मला नाही, तू सांग. ऑफिसात फार काम आहे म्हणावं. शनिवारीही आहे.

ता. क. २. मी वरती सगळं जागेवर लागलं असं लिहिलंय. हे पत्र पाकिटात घालतच होते, तर टेरेझामॅडमचा फोन आला. दुपारपासून ऑफिसात कोणाचाच पासवर्ड चालत नाहीये. शेठ सगळ्यांना अतिशय हळू आवाजात मी कुठे आहे ते विचारतायत.

ता. क. ३. तो मुलगा नेटवर्किंगमध्ये आहे असं आई म्हणाली होती का गं? तसं असेल तर रविवारची वाट कशाला बघायची? हे पत्र मिळताच त्याला भाईंदरला पाठव. साडी नेसून बसेन.