डुलणारी अक्षरं

शुक्रवार, ९

हो म्हणून बसले! पाटीवाले दुकानात आले, म्हणाले, रविवारी समुद्राकाठच्या कड्यांवर चालायला येता का, दुपारी सायकलनं शहर फिरू. आणि माझ्या तोंडून पटकन हो गेलं. दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. मालककाका चष्मा पुसता पुसता गालात हसले. एकेचाळिसाव्या वर्षी ही थेरं! वहिनी मात्र म्हणाली, "जा हो वन्सं. किती दिवस लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत बसणार?"

ते दुकानांच्या पाट्या हातानं रंगवतात. आठवड्यापूर्वी नवा चष्मा नेला — मीच करून दिला. तेव्हापासून काही ना काही निमित्त काढून येतात.

रविवार, ११

आत्ताच घरी आले. पाय भरून आलेत, नाक सोललंय, पण मी काही अजून जमिनीवर नाही.

सकाळी बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथून पायवाट. एका अंगाला गवत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही — खाली समुद्र. दाट धुकं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. बोलणं कमीच. अर्धवट झोपेत चालावं तसं चालत होतो, कुठून निघालो आणि किती आलो, काही कळेना. एक पांढरा पक्षी बाजूनं वर आला आणि पंख न हलवता तसाच धुक्यात गेला. दोघंही थांबलो.

ते फार जपून पावलं टाकत होते. एकदा तर मटकन खालीच बसले! मी घाबरले. काय होतंय?

"काही नाही. तुमच्या आसपास असलो की गरगरतं. आठवडा झाला." आणि कानापर्यंत लाल!

मी समुद्राकडे तोंड फिरवलं. धुकं विरत होतं. खालचं पाणी इतकं निळं की खरं वाटेना. अगं बाई! मला आजवर कुणी असं म्हणालं नव्हतं. इतकं सुख झालं की डबा उघडायचं भान राहिलं नाही. पोळ्या तशाच परत आल्या.

दुपारी भाड्याच्या सायकली. माझी करकरत होती. उतारावरून पाय न मारता खाली, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी, आणि पुढून त्यांचा आवाज — "ही माझी! तीसुद्धा माझी!" शिंप्याची पाटी, किल्ल्यावाल्याची, दातांच्या दवाखान्याची. अक्षरं अशी सुबक की दात दुखत नसतानाही आत जावंसं वाटावं.

मग औषधाचं दुकान. पाटी नवी कोरी आणि अक्षरांची ओळ खालीवर — सगळी होडीत बसल्यासारखी डुलतायत.

"गेल्या आठवड्यातली," ते म्हणाले. "औषधवाला विचारतो, पिऊन रंगवलीत का? पुन्हा करायची आहे. शाळेची पाटीही अशीच झाली, त्यांनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं."

मी विचारलं, असं का होतंय?

"लक्ष थाऱ्यावर नसतं हल्ली." आणि माझ्याकडे बघितलं. मी सायकलची घंटा वाजवली. वेडीच आहे मी.

सोमवार, १२

देवा!

आज एक आजोबा समोर बसले होते. माप घेताना नेहमीसारखं मनाशी म्हटलं — समोरच्याचा उजवा डोळा तो माझ्या डाव्या हाताचा. आणि हात थबकला. पाटीवाल्यांचं नंबराचं कार्ड काढलं. उजव्याचं डावीकडे, डाव्याचं उजवीकडे! त्या दिवशी ते समोर बसून नुसते बघत होते आणि मी माझ्या बाजूनं लिहीत गेले. दोन्ही काचा उलट्या बसल्या. एकोणीस वर्षांत कधी झालं नाही असं.

उलट्या काचांनी जमीन कलते, माणूस गरगरतो. म्हणजे ते गरगरणं माझ्यामुळे नव्हतंच. आणि मी खुळी कड्यावर उपाशीपोटी हरखून बसले होते!

पाट्याही त्यामुळेच बिघडल्या असणार.

मंगळवार, १३

ते येऊन गेले. सांगितलं नाही. काचा सुलट केल्या की गरगरणं थांबेल, मग ते कशाला येतील? लिहितानाही लाज वाटते.

बुधवार, १४

सांगून टाकलं. त्यांचं पोट त्या कुंचल्यावर आहे, आणि मी माझं स्वप्न कुरवाळत बसू?

त्यांनी चष्मा काढून दिला. काचा बदलायला दहा मिनिटं लागतात, मला अर्धा तास लागला.

"म्हणजे कड्यावर गरगरलं ते..."

"काचांमुळे. पाट्यांचंही तेच. तुमच्या मनाचं त्यात काही नाही, सगळी माझी चूक." मी घाईघाईनं बोलून टाकलं.

"असं." चष्मा लावला. जमिनीकडे बघितलं, दाराकडे, मग माझ्याकडे. "हो. सगळं जागच्या जागी आहे आता." आणि ते निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. काकांनी चहा मागवला, तो तसाच निवला.

शुक्रवार, १६

आले नाहीत. कालही नाही. वहिनी काही विचारत नाही, म्हणजे सगळं तोंडावर दिसतंय.

शनिवार, १७

औषधाच्या दुकानावरून गेले. मुद्दाम, कबूल! ते स्टुलावर उभे राहून पाटी पुन्हा रंगवत होते. नाकावर रंगानं बरबटलेला जुना चष्मा. मी ओरडलेच — नवा कुठाय?

"घरी. कामाला नाही लावत, शिंतोडे उडतात. पहिल्यापासून नाही लावला."

म्हणजे डुलणारी अक्षरं रंगवताना माझ्या काचा त्यांच्या नाकावर नव्हत्याच! मग बुधवारी बोलला का नाहीत?

"मला वाटलं, तुम्ही गोडीत मला 'नाही' म्हणताय."

वर बघितलं. नवी ओळही डुलायला लागली होती. मी स्टूल घट्ट धरून उभी राहिले.